बबनरावांच्या नावावर तुळसाबाई

ज्या स्त्रीविषयी लिहावयाचे आहे, तिची ओळख एका तुराटीपासून करून देणे योग्य होईल. इंझोरीच्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर, सोयाबीनच्या हंगामात, फाटकाच्या अलीकडे जमिनीत तुरीची एक वाळलेली काडी रोवलेली असते. ती तुळसाबाई रोवतात. पाळी येण्याआधी ज्याचा ट्रॅक्टर तुराटीच्या पुढे आला, तो रांगेच्या शेवटी गेला. हा नियम कोणत्याही ठरावात नाही. मानद सचिव या नात्याने मी तो ठरावात घेण्याची सूचना मांडली, तेव्हा अध्यक्ष धरमसिंगभाऊ म्हणाले, "सर, कागदावर घेतला तं लोक त्यातून पळवाट काढतीन. तुराटीतून पळवाट निघत नाई."

तुळसाबाईंचे शिक्षण सातवीपर्यंत. उंची बेताची, आवाज मात्र फाटकापलीकडे पोहोचणारा. माल ओला असेल तर तो परत जातो, मग तो कोणाचाही असो. एका दिवाळीच्या तोंडावर त्यांचे धाकटे बंधू धनजहून सोयाबीन घेऊन आले. बहीण केंद्रावर आहे, तेव्हा ओलावा आपोआप कमी भरेल, असा त्यांचा समज असावा. मशीनने ओलावा जास्त दाखविला.

"ताई, भाऊबीज जवळ आली हाय," बंधू म्हणाले.

"मंग भाऊबीजेले ये. सोयाबीन वाळल्यावर आन."

ते भाऊबीजेला वाळलेले सोयाबीन घेऊनच आले. तुळसाबाईंनी आधी पोत्याचे मॉइश्चर पाहिले आणि मग भावाला ओवाळले. क्रम महत्त्वाचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हे सर्व काम करीत असताना तुळसाबाईंना कोणतेही पद नव्हते. आधीचे केंद्रप्रमुख मुलाकडे पुण्यास राहावयास गेले, जागा रिकामी झाली, आणि दोन हंगाम ती तुळसाबाईंनी सांभाळली. परंतु पद नाही म्हणून गोदामाची किल्ली नाही. किल्ली धरमसिंगभाऊंच्या बंडीच्या खिशात असे. रोज सकाळी तुळसाबाईंनी त्यांच्या ओसरीवर जावे, भाऊंचा चहा संपेपर्यंत उभे राहावे आणि किल्ली घेऊन यावे. पगाराचा विषय त्यांनी कधी काढला नाही. किल्लीचा मात्र काढीत. "ज्याच्या हाती माल, त्याच्या हाती कुलूप पाह्यजे, सर," असे त्या मला म्हणत. शिस्तीच्या दृष्टीने हे म्हणणे निर्दोष होते.

त्यांचे यजमान बबनराव हेही कंपनीचे सभासद. शेतीचा निम्मा तुकडा त्यांच्या नावे, निम्मा तुळसाबाईंच्या. बबनराव हे अत्यंत सज्जन गृहस्थ असून त्यांना 'नाही' हा शब्द उच्चारता येत नाही. एकदा त्यांनी आपले पेरणीयंत्र एकाच दिवसासाठी तिघांना कबूल केले, आणि त्या दिवशी सकाळच्या एसटीने स्वतः रिसोडला निघून गेले. तिघांची समजूत तुळसाबाईंनी घातली. कशी घातली, हे ते तिघेही सांगत नाहीत.

या हंगामाआधी कंपनीला अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थेने कळविले की, केंद्रप्रमुखाची नेमणूक व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन करावी. त्यासाठी नागपूरहून कृतिका नावाची एक तरुण अधिकारी आली. ती मूळची कारंज्याच्या एका जैन व्यापारी कुटुंबातली. बोलणे मृदू, काम नीटनेटके. चाचणी मोबाईलवर द्यावयाची होती. इच्छुक सभासदांच्या नोंदलेल्या क्रमांकांवर प्रश्न गेले. इच्छुक तुळसाबाई एकट्याच होत्या, पण धरमसिंगभाऊ म्हणाले, "एकाच उमेदवाराची परीक्षा बरी दिसत नाई. बबन, तू बी दे." बबनराव अर्थातच 'हो' म्हणाले.

आता आमच्याकडील एक रीत. सभासदत्वाच्या वेळी बाईच्या नावापुढे नवऱ्याचा मोबाईल क्रमांक लिहितात. बाईला कोण कशाला फोन करील, असा त्यामागचा विचार. त्यानुसार तुळसाबाईंच्या नावापुढे बबनरावांच्या खिशातील फोनचा क्रमांक होता. बबनरावांच्या नावापुढे त्यांच्या जुन्या फोनचा होता, आणि तो जुना फोन पुढे तुळसाबाईंकडे आला होता. परिणामी 'बबनराव, पुरुष' या नावाने आलेल्या प्रश्नांची उत्तरे तुळसाबाईंनी दिली, आणि 'तुळसाबाई, स्त्री' या नावाची बबनरावांनी. निर्णय घेताना आपण मनाचे ऐकता की डोक्याचे, असा एक प्रश्न होता. पर्यायांत 'बायकोचे' नव्हते, अशी तक्रार बबनरावांनी नंतर केली.

निकालाची सभा गोदामातच भरली. कृतिकाने वाचावयास आरंभ केला.

"बबनराव. प्रकार: सेनापती. निर्णयात ठाम, दबावाला न जुमानणारे, शिस्तप्रिय. ठळक उत्तर: 'रांगेत घुसला तर शेवटी पाठवीन.' शिफारस: केंद्रप्रमुख."

बबनरावांनी मागे वळून पाहिले; दुसरे कोणी बबनराव आले असावेत, अशा अपेक्षेने.

"तुळसाबाई. प्रकार: जिव्हाळा. मृदू स्वभाव, सर्वांची मने जपतात, नकार देणे जड जाते. शिफारस: स्वागत आणि चहापान."

गोदामात एकच हशा पिकला. "यायले नकार देनं जड जाते?" धरमसिंगभाऊ डोळे पुसत म्हणाले. "पोरी, धनजले फोन लाव अन् यायच्या भावाले इचार!"

तुळसाबाई हसल्या नाहीत. "'रांगेत घुसला तं शेवटी पाठवीन', हे उत्तर तं म्या देल्लं होतं," त्या म्हणाल्या. "यायच्या नावावर कसं गेलं?"

दोन्ही फोन तपासले, आणि घोटाळा उघड झाला. बबनराव शांतपणे म्हणाले, "नाव पाह्यलं होतं ना म्या. म्हटलं, कोनाचं बी असो, घर तं एकच हाय."

कृतिकाला हायसे वाटले. "काही हरकत नाही, काका. उत्तरे तीच ठेवते, फक्त नाव आणि स्त्री-पुरुष ही नोंद अदलाबदल करते. एका मिनिटात नवा निकाल येईल."

आता तुळसाबाई सेनापती होणार, हे सर्वांनी गृहीत धरले. धरमसिंगभाऊंनी बंडीच्या खिशात हात घालून किल्ली बाहेरही काढली. कृतिका वाचू लागली, आणि तिचा आवाज हळूहळू खाली गेला.

"तुळसाबाई. प्रकार: हेकट. समजूतदारपणा कमी, सहकाऱ्यांशी खटके उडण्याचा संभव. शिफारस: इतरांच्या मार्गदर्शनाखाली काम." ती थांबली. "बबनराव. प्रकार: समन्वयक नेता. सर्वांना बरोबर घेऊन जाणारे. शिफारस: केंद्रप्रमुख."

किल्ली अर्ध्या वाटेवर थबकली.

"मीच काहून?" बबनराव कळवळून म्हणाले. "एकडाव तिच्या उत्तरायनं बी मीच, अन् एकडाव माह्या उत्तरायनं बी मीच?"

कृतिकाने कारण सांगितले, आणि प्रामाणिकपणे सांगितले, हे नमूद करतो. बाईच्या उत्तरांची तुलना बायकांच्या सरासरीशी होते, पुरुषाच्या उत्तरांची पुरुषांच्या. बायकांच्या सरासरीहून जी जास्त ठाम, ती हेकट ठरते. तेच पुरुषाने लिहिले तर तो सेनापती.

"म्हंजे पोतं उघडायच्या आधी सातबारा पाह्यता तुमी," तुळसाबाई म्हणाल्या. "हा माल कोनाच्या नावावरचा, थे पाहून मशीन ओलावा सांगत असती, तं माह्या भावाले म्या दिवाळीत परत कायले धाडलं असतं व माय?"

 कृतिकाने आपला फोन काढला, स्वतः पूर्वी दिलेल्या याच चाचणीच्या उत्तरांपुढची 'स्त्री' ही नोंद बदलून पाहिली आणि निकाल वाचला. नंतर मूळ निकाल पुन्हा वाचला.

"काय निघालं?" धरमसिंगभाऊंनी विचारले.

"बाई असताना मी 'गुणी सहायक' आहे. पुरुष झाले की 'विश्लेषक'." तिने फोन पालथा ठेवला. "नागपूरला गेल्यावर मला एकदोघांशी बोलायचे आहे."

तरीही पेच कायम होता. संस्थेला शिफारस झालेले नाव हवे होते, आणि ते दोन्ही वेळा बबनरावांचेच आले होते. धरमसिंगभाऊ व्यवहारी गृहस्थ. त्यांनी तोड काढली. "नाव बबनचं, काम तुळसाबाईचं. बाई सरपंच असली का नवरा कारभार पाह्यते ना? आपन उलटं करू."

"अन् किल्ली?" तुळसाबाईंनी विचारले.

"किल्ली ज्याचं नाव त्याच्याजवळ."

"आतापरेंत मी तुमच्या ओसरीवर उभी राहत होती. आता यायले गावभर धुंडत फिरू? हे तं रिसोडले पळून जातेत!"

सर्वजण बबनरावांकडे पाहू लागले. हे 'हो' म्हणणार, याविषयी कोणाला शंका नव्हती. बबनरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"नाई," ते म्हणाले.

ऐकण्यात चूक झाली असावी म्हणून धरमसिंगभाऊंनी पुन्हा विचारले.

"नाई म्हनतो ना मी, भाऊ. मले पद बी नको अन् किल्ली बी नको. मशीन दोनदा चुकली, मी कायले तिसऱ्यांदा चुकू?"

कृतिकाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसातले पहिले हसू आले. "काकांनी 'नकार देणे जड जाते' असे उत्तर दिले होते," ती म्हणाली. "ते आता सर्वांसमक्ष खोटे ठरले. उत्तर खोटे ठरले की निकाल रद्द होतो, हा आमचा नियम आहे. आणि हेकट ही नोंद ज्या मापाने आली, ते माप सदोष असल्याचे मी अहवालात लिहीन. आता चाचणीचा निकालच उरलेला नाही. निर्णय तुम्ही करा."

मी ठराव जागेवरच लिहिला. 'दोन हंगामांचे प्रत्यक्ष काम पाहून तुळसाबाई यांची केंद्रप्रमुख म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.' सूचक बबनराव. अनुमोदकाच्या जागी धरमसिंगभाऊंनी सही केली आणि किल्ली तुळसाबाईंच्या हातावर ठेवली. तुळसाबाईंनी ती उजेडाकडे धरून निरखून पाहिली. "गंजली हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "तेल द्या लागते."

खरेदीच्या पहिल्या सकाळी धरमसिंगभाऊ सवयीप्रमाणे ओसरीवर चहा घेत बसले. किल्ली मागावयास कोणी आले नाही. शेवटी ते स्वतःच आपला माल घेऊन केंद्रावर गेले. गोदाम केव्हाच उघडले होते. रांग लागली होती. भाऊंनी अध्यक्षाच्या अधिकाराने ट्रॅक्टर बाजूने काढला आणि थेट फाटकाशी आणला.

तुळसाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. तुराटीकडे पाहत होत्या.

"मी अध्यक्ष हाय, बाई!" भाऊ वरून ओरडले.

"हाव. म्हनून तं सारे लोक तुमच्याकडंच पाहून राह्यले. घ्या मांगं."

भाऊंनी एकदा रांगेकडे पाहिले, एकदा तुराटीकडे, आणि ट्रॅक्टर मागे घेतला.