पेवातली उपकारस्तुती

साखराबाई आभार मानायला लागली की माणसं वाट बदलत. गेवराईपासून दोन कोसांवरच्या त्या गोदाकाठच्या गावात मांगवाड्यातली तीन घरं ख्रिस्ती झाली होती, त्यातलं एक तिचं. निजामाच्या राज्यात कोणी काही दिलं तर मान खाली घालून घ्यायचं आणि वाटेला लागायचं, एवढाच रिवाज होता. ही बाई मात्र वाण्याच्या दारासमोर उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "शेटजी, मीठ लई चांगलं दिलंत. देवाचे उपकार, तुमचे बी उपकार." वाणी ओशाळून आत पळायचा. तिचा नवरा बंकट, दोर वळणारा अबोल माणूस, कपाळाला हात लावायचा.

दर रविवारी मिशनचे धोंडीराम मास्तर यायचे आणि लिंबाखाली उपकारस्तुती व्हायची. ज्यानं त्यानं उठून आठवड्याचे उपकार नावानिशी सांगायचे. साखराबाईची यादी संपता संपायची नाही, आणि शेवटी ती न चुकता म्हणायची, "आन् एक हाय. त्याचं नाव देवाला ठावं." एकदा मास्तरांनी दहा महारोग्यांची गोष्ट सांगितली. येशूनं दहा जण बरे केले, पण आभार मानायला एकटाच परत आला. बाकीच्या नऊ जणांना सगळ्यांनी यथेच्छ नावं ठेवली. साखराबाईनं तेवढं विचारलं, "मास्तर, त्यांना कोणी बोलू नको म्हणून शपथ घातली असंल तर?" मास्तर हसले. ती काही हसली नाही.

शपथ तिलाच घातलेली होती. बारा वर्षांमागे, पलेगाच्या साली, सगळं गाव रानात खोपी घालून राहायला गेलं होतं. बंकट परगावी भावाला माती द्यायला गेलेला, आणि साखराबाई मागं गावातल्याच झोपडीत तापानं फणफणत पडलेली. गावातलं आपलं बंद घर बघायला आलेल्या जानकीबाईंनी तिचं कण्हणं ऐकलं. जानकीबाई म्हणजे अर्जुनराव पाटलांची विधवा चुलती, सोवळ्याओवळ्याची मोठी कडक. त्या बाईनं साखराबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या तांब्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं. तीन दिवस येत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "कोणापाशी बोललीस तर मला वाळीत टाकतील. गप ऱ्हायचं. शपथ हाय तुला."

साखराबाई गप राहिली. वाटेत गाठ पडली की जानकीबाई दुसरीकडं बघायच्या, आणि साखराबाईच्या ओठांवर आलेले आभार तिथंच राहायचे. जिथं मानायचे तिथं आभार मानता येत नव्हते, म्हणून ती बिचारी वाण्याच्या मिठाचे मानत सुटायची. गाव तिला वेडी म्हणायचं. म्हणो बापडं.

पलेगानंतरच्या बाराव्या साली, चैत्रात, तहसीलदाराचा मुक्काम पडणार असा सांगावा आला आणि अर्जुनरावांनी ज्वारीचं पेव उघडायचं ठरवलं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आतली हवा कोंदलेली असते, म्हणून उघडल्यावर एक दिवस तसंच ठेवायचं, दिवा सोडून बघायचा, मग माणूस उतरवायचा. उतरलेल्या माणसानं तोंड मिटायचं नाही. गाणं म्हणावं, शिव्या द्याव्यात, काहीही करावं, पण आवाज चालू हवा. आवाज थांबला की वरच्यानं त्याच्या कमरेचा दोर ओढायचा.

साखराबाई अंगानं बारीक आणि तिचं तोंड सदा चालू, तेव्हा पाटलांच्या गल्लीतली सगळी पेवं तीच उपसायची. हवा पाटलांच्या माणसांनी नेमानं मोकळी केली, दिवाही सोडला. पण आदल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसानं तोंडाची माती फुगली होती, ती वाळू द्यायला पाटलांना वेळ नव्हता. साखराबाईनं टोपलं बांधायला कमरेचा दोर सोडला, आणि तेवढ्यात पेवाचं तोंड धडाड्कन खाली आलं.

ती ज्वारीवर उताणी पडली. डोळ्यांत माती, पायांवर ढेकळं. वर बोटभर फट राहिली होती, तिच्यातून उजेडाची एक रेघ येत होती. बंकटची हाक आली. "हाय, हाय मी!" ती ओरडली.

वर कुदळी चालल्या. हातभर उकरलं की दोन हात माती आत यायची. ज्वारी सरकू लागली, ती कमरेइतकी बुडाली. मग अर्जुनरावांचा आवाज आला, "थांबा बे. आनखी उकरलं तर समदं पेव बसंल."

"मालक, बाई आत हाय माझी," बंकट म्हणत होता. तेच तेच म्हणत होता.

साखराबाईला एक गोष्ट ठाऊक होती. तिच्या डाव्या हाताला, हातभर मातीच्या पलीकडं, जानकीबाईंचं पेव होतं. महिन्यामागे तिनंच ते उपसलं होतं. रिकामं, तोंड उघडं, हवा खेळती. तिकडून भिंत फोडली तर ती सुटत होती. वरच्या सगळ्यांनाही हे ठाऊक होतं. पण भिंत फुटली की ते पेव कायमचं गेलं. आणि बांधाच्या भांडणापायी चुलती-पुतण्याचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. अर्जुनराव मांगाच्या बाईसाठी जानकीबाईंपुढं तोंड उघडणार नव्हते.

हाक मारावी का? "माय, तुमचं पेव फोडा," एवढंच तर म्हणायचं. पण ज्या हातानं पाणी पाजलं त्याच हाताकडं आता पेव मागायचं, तेही चार माणसांत? लोक विचारतील, हिनं जानकीबाईंनाच हाक कावून मारली. साखराबाईनं ओठ मिटले, आणि लगेच उघडले, कारण आवाज थांबवायचा नव्हता.

मग तिनं उपकारस्तुती सुरू केली. दुसरं काही तिला येतच नव्हतं. देवा, ज्वारीचे उपकार. बंकटनं कधी हात उगारला न्हाई, त्याचे उपकार. लिंबाच्या सावलीचे, वाण्याच्या मिठाचे. श्वास आखूड होऊ लागला, यादी संपत आली. शेवटचं एकच उरलं, आणि ते पोटात ठेवून मरायच्या कल्पनेनं तिला पहिल्यांदा रडू फुटलं.

"देवा, आन् एक हाय," ती ओरडली. "पलेगाच्या साली तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या तांब्यानं मला पाणी पाजलं. मी तिला उपकार झाले म्हनून कधी मनले न्हाई. नाव घेत न्हाई, देवा. शपथ हाय. पर तिचं भलं कर."

मग अर्जुनराव म्हणाले, "कोन पाजलं हिला पानी? कोन्या घरची?"



"म्या पाजलं," जानकीबाईंचा आवाज आला. अगदी जवळून, म्हणजे त्या केव्हाच्याच तिथं येऊन उभ्या असणार. "काय करायचं ते मागून कर, अर्जुना. बंकट, माझ्या पेवात उतर. फोड भिंत."

भिंत फुटायला दोन घटका लागल्या. बंकटनं तिला काखेत धरून पलीकडं ओढलं, आणि दोघं दोरानं वर येतात न येतात तोच दोन्ही पेवं एकदम खचली. साखराबाई उन्हात बसली. नाकातोंडात माती, अंगावर ज्वारीचा भुसा.

जानकीबाई तांब्या घेऊन आल्या. सगळं गाव बघत होतं, पाटील बघत होते. त्या तिच्यासमोर मातीत बसल्या आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. साखराबाई घटाघटा प्याली, आणि आभार मानायला तिनं तोंड उघडलं. घसा पार बसला होता. एक अक्षर फुटेना. ती नुसती रडत जानकीबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली.

जानकीबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. "आता कावून गप बसलीस गं?" त्या म्हणाल्या. "बोलू नको मनले व्हते खरं. पर बारा वर्सं वाट बघायलेय मी."