आत्याच्या खेपा

आमच्या मेरेआना आत्याने कधी कुणाचं ऐकल्याचं खोऱ्यात कुणाला आठवत नाही. नवऱ्याने ऑकलंडला चल म्हटलं, तर तिने त्याची बॅग भरून दिली आणि स्वतः इथेच राहिली. शाळेची बस चालवून पोट भरलं. दर एप्रिलला हरणांचे नर माजावर येऊन डरकाळ्या फोडू लागले, की ही रायफल घेऊन रानात. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जपून चाला.

"जन्मभर जपूनच चालतेय," आत्या म्हणाली.

ते खरंच होतं. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, झाडोरा न्याहाळायचा, वारा तोंडावर आहे ना बघायचं, मग दुसरं पाऊल. तिच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. पण घरात मांस तीच आणायची.

यंदा रानातल्या झोपडीवर पोचताच माझा थोरला भाऊ रेवी आडवा आला. "आत्या, जो जनावर पाडेल त्यानेच ते वाहून आणायचं, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग? तुला आता वाहणं होणार आहे का? नसेल, तर रायफल माझ्याकडे दे आणि घरी बस."

मला त्याचा संताप आला. पण नियम तिचाच होता. पहिल्या शिकारीला रेवी रडकुंडीला आला, तरी तिने त्याच्या पाठीवरचं ओझं हलकं केलं नव्हतं.

"नाही आणलं तर देईन," आत्या म्हणाली. "बाजूला हो."

सकाळी रेवी डोंगराच्या धारेवर गेला आणि नराला भुलवायला नळीतून खोट्या डरकाळ्या मारत सुटला. आम्ही दोघी ओढ्याकडे उतरलो. ओल्या नेच्यांतून इतक्या हळू, की माझ्या पायाला मुंग्या आल्या. पलीकडून खरी डरकाळी आली. आत्याने उत्तर दिलं नाही. थांबली, पुन्हा एक पाऊल. फांद्यांत शिंग हललं, तरी बोट चापावर नाही. मान दिसली, खांदा दिसला, सगळं जनावर उघड्यावर आलं, तेव्हा कुठे बार झाला.

बार ऐकून रेवी धावत आला. नर बघून त्याचा चेहरा पडला. केवढं मोठं धूड! "आता?" तो म्हणाला.

आत्याने सुरी काढली. एकेका फऱ्याचे, म्हणजे अख्ख्या तंगडीचे, तिने दोन-दोन तुकडे केले, एक पिशवीत घातला आणि झोपडीकडे चढाला लागली. एक पाऊल, थांबायचं, दुसरं पाऊल.

"अगं, असं किती वेळा येणार-जाणार?"

"एका खेपेत आणायचं, असं नियमात कुठंय?"

तो हसला. तिसऱ्या खेपेनंतर हसेना. पुढे तर तिच्या मागे-मागे फिरू लागला. "आत्या, निदान मागच्या फऱ्याचे तुकडे तरी दे. कुणाला सांगणार नाही मी."

"हात लावलास तर बघ!"

मी पिशवी उचलायला वाकले, तर माझ्यावरही खेकसली. ऑपरेशनचा पाय ती आता ओढत चालत होती. मला रडू येत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता. उन्हं कलली तेव्हा मुंडकं, शिंगांसकट, शेवटच्या खेपेत आलं. तिने ते रेवीच्या पुढ्यात टाकलं आणि बाकावर बसली.

बसली ती बसलीच. बुटांपर्यंत हात पोचेना. दोनदा वाकून बघितलं, मग सरळ होऊन समोर बघत राहिली.

रेवी उठला, तिच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि चिखलाने घट्ट झालेल्या नाड्या सोडू लागला. मला वाटलं, आता लाथ बसणार. पण तिने पाय पुढे केला.

"सकाळी बांधायलाही ये," आत्या म्हणाली. "आणि उजाडायच्या आत ये. मला पोचायला वेळ लागतो."