तिथे लिफ्टच नाही

कोमेजलेल्या मोगऱ्याचा वास आला की मला पेरुंगुडीतली ती बंद पडलेली लिफ्ट आठवते. नव्या फ्लॅटमध्ये गृहप्रवेशाचं दूध उतू घालवायला आम्ही मायलेकी अकराव्या मजल्यावर निघालो होतो. माझ्या दोन्ही हातांत सामान, आईच्या केसांत गजरा, आणि मधेच लिफ्ट थांबली, पंखाही थांबला. भिंतीवरच्या लिफ्ट कंपनीच्या नंबरावर आईनंच फोन लावला. पलीकडच्या बाईनं पत्ता विचारल्यावर तिनं अंबत्तूरच्या जुन्या घराचा पत्ता घडाघडा सांगितला. “अम्मा, तिथे आमची लिफ्टच नाही.” “नाहीच मुळी! अंगण आहे, विहीर आहे.” “मग तुम्ही अडकलाय कुठे?” आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी टॉवर, मजला, रस्ता सांगत गेले आणि ती घामाघूम होऊन एकेक शब्द फोनवर म्हणत गेली. बऱ्याच वेळानं लिफ्ट वर पोचली आणि अकराव्या मजल्यावर दार उघडलं. तेव्हापासून तिनं लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही, आणि जिने तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आधार कार्डावरचा पत्ता ती वर्षानुवर्षं बदलू देत नव्हती; शेवटी मीच बदलून घेतला. काल नवं कार्ड आलं. चष्मा लावून तिनं ते वाचलं आणि म्हणाली, “चला, आता मी अडकलेय कुठे, हे कुणाला विचारावं लागणार नाही.”