फोडणीपर्यंत

उकळलेल्या गाडीचा मला राग येत नाही. राग येतो तो कारण पोटात ठेवणाऱ्या ड्रायव्हरचा. १९५५च्या सुमारास वर्ध्यात माझं मोटारदुरुस्तीचं शेड होतं, आणि ताराचंद शेठचा ड्रायव्हर तानबा हा असल्या लोकांत पहिल्या नंबरचा. धड बोलेल तर शपथ.

शेठची जिनिंग होती. कापसाच्या सौद्यांसाठी त्यांना सारखं नागपूरला जावं लागे, आणि त्यांची जुनी काळी मोटार दर खेपेला केळझरच्या चढावर उकळून बसे. शेवटी शेठ वैतागले. आता एकदा जरी रस्त्यात थांबली तर विकून टाकीन, आणि गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला, असं त्यांनी तानबाला सांगून टाकलं. तानबाची बायको गोपिका आदल्या हिवाळ्यात तापाने गेली होती. मूलबाळ नव्हतं. घर सोडून तो शेठच्या मोटारखान्यात खाट टाकून राहत होता. गाडी गेली असती तर ती खाटही गेली असती.

"काऊन तापते गाडी? पानी गळते काय?" मी विचारलं.

"आता नाई."

"आता नाई म्हंजे? पयले गळे काय?"

तो टोपी काढून डोकं खाजवू लागला. माझं टाळकं सरकलं, पण गाडीचा त्यात काय दोष?

पंख्याचा पट्टा पाहिला, ताठ होता. रबरी नळ्या दाबून पाहिल्या, त्याही धड होत्या. पाणी काठोकाठ. मग इंजिन चालू ठेवून रेडिएटरवर हात फिरवला. वरचा भाग चटके देत होता आणि खालचा रांजणासारखा गार. म्हणजे पाणी वरून खाली उतरतच नव्हतं, आतल्या बारीक नळ्या बुजल्या होत्या. इंजिन निवल्यावर खालची तोटी उघडली तर काहीच येईना. तार घालून ढोसलं तेव्हा पिवळा गाळ पडू लागला. बोटावर चोळून नाकाशी नेला. हळद.

"लेका तानबा, हा काय भाजी शिजवाचा गंज आहे?"

रेडिएटरला बारीक भोक पडलं की पाण्यात चिमूटभर हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते, हा ड्रायव्हर लोकांचा नेहमीचा उपाय. पण तो वाटेत अडल्यापुरता. इथे मुठीच्या मुठी गेल्या होत्या.

तानबा जुन्या टायरवर बसला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"भोक तं पयल्याच चिमटीत बुजलं, मिस्तरी. पन चढावर गाडी तापली, मी झाकन उघडलं, अन् वाफेत हळदीचा वास आला. गोपिका वर्षाची हळद कुटून ठेवून गेली नं. डबा तसाच भरून होता. मी खानावळीत जेवतो, मले काय कामाची? मंग रोज टाकत गेलो. शेठ शिव्या देत राहे, अन् मले वाटे घरी सैपाक होऊन राह्यला."

तोंडापर्यंत आलेली शिवी मी गिळली.

"मंग आता धुऊ का नको?"

"धुवा. गाडी गेली तं मी कुठं जाऊ?"

रेडिएटर उतरवला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून आत भरला आणि थोड्या वेळाने उलटा करून सोडून दिला. सोड्याने हळद लाल होते हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी ते पाणी पाहून मी चपापलो. शेडसमोर कुंकू सांडल्यासारखं झालं. तानबा उठून उभा राहिला. गोपिका सवाष्ण गेली होती, तिच्या कपाळाला शेवटचं कुंकू त्यानेच लावलं होतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत तो तसाच उभा होता. मला फार वाईट वाटलं, आणि पाना दे म्हणून मी उगाच त्याच्यावर ओरडलो.

हळद निघाल्यावर उघडं पडलेलं भोक मी कथलाचा डाग देऊन बुजवलं आणि रेडिएटर परत बसवला. पुढच्या खेपेला मोटार केळझरचा चढ न थांबता चढली. शेठ खूश झाले, गाडी विकायचं नाव निघेना. नागपूरहून परतल्यावर संध्याकाळी तानबा माझ्या घरी आला. हातात हळदीचा डबा होता, तळाशी थोडीशीच उरलेली.

"वैनीले द्या. आजच्या भाजीत टाका म्हना."

माझ्या बायकोने, कुसुमने, चूल पेटवलेलीच होती. तिने डबा आत नेला. मी म्हटलं, "हात धू, ताट मांडतो."

"जेवाले नाई आलो, मिस्तरी. फोडनीपर्यंत बसतो."

तो दारापुढच्या ओट्यावर बसला. आत तेल तापलं, मोहरी तडतडली, हळद पडली. तानबाने डोळे मिटून घेतले. मी बाजूला बसून होतो, पण त्याला माझी काही गरज नव्हती. वास विरला तसा तो उठला, टोपी घातली, कुसुमकडून रिकामा डबा मागून घेतला आणि मोटारखान्याकडे निघून गेला.