डाव्या बाजूची बरणी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा हसून पान उलटते. आमच्या घरी आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून अंगारे-धुपारे, नजर, करणी या सगळ्यांना कायमची रजा मिळालेली आहे. त्यात माझं काम असं, की स्लाईडवर दिसेल तेवढंच खरं. तरीही आज लिहितेय... कारण वर्ष होत आलं, मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर मला खरंच हवंय.

मी नगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागायचीय, चालवून घ्या.) रोज देवळाली प्रवराहून एसटीने येते-जाते. ऑपरेशनमध्ये काढलेले भाग आमच्याकडे फॉर्मालिनच्या बरण्यांतून येतात. गर्भाशयाचा कॅन्सर असेल तर गर्भाशयाबरोबर ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंची चरबीही येते – एक बरणी उजवी, एक डावी. त्या चरबीत लसिकाग्रंथी असतात. आम्ही नुसतं ‘गाठी’ म्हणतो. कॅन्सर पसरायला निघाला की बहुतेकदा आधी या गाठींत शिरतो, म्हणून त्या शोधायच्या. आमच्याकडे त्यासाठी मशीन नाही. चरबी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची, दाबत दाबत पुढे सरकायचं आणि हरभऱ्यासारखं काही घट्ट लागलं की बाजूला काढायचं. कापणं, तपासणं आमच्या मॅडमचं, म्हणजे पॅथॉलॉजिस्टचं. पण पहिला शोध माझ्या बोटांचा. बारा वर्षं हेच करतेय आणि माझ्या हातून गाठ सुटत नाही याचा मला चांगलाच ताठा होता.

गेल्या वर्षी राजूरजवळच्या एका वाडीतल्या चांगुणाबाईंच्या बरण्या आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. सोमवारी ऑपरेशन झालेलं, मंगळवारी दुपारी मी बरण्या उघडल्या. उजव्या बाजूला पाऊण तास दिला, चार गाठी मिळाल्या. डावी हातात घेतली तोवर चार वाजत आले होते आणि मुलीच्या शाळेत पालकसभा होती. मी भराभर दाबलं, दोन गाठी काढल्या, उरलेली चरबी बरणीत परत टाकली आणि स्टँड गाठला. उरलेलं आम्ही महिनाभर ठेवतो, नंतर टाकतो. घाई केली हे मी कुणालाच सांगितलं नाही. मॅडमनासुद्धा नाही.

सहाही गाठी स्वच्छ निघाल्या. कुठेही पसरलेला नाही, असा रिपोर्ट तयार झाला. म्हणजे आजींना पुढे रेडिएशन नाही, काही नाही, टाके काढले की घरी.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा किसन, राजूर-अकोले जीप चालवणारा, टाके दाखवायला आजींना घेऊन आला आणि जाता जाता रिपोर्ट न्यायला आमच्याकडे थांबला. तो बाहेर जीप लावत होता. आजी एकट्याच काउंटरपाशी आल्या. मी पाकीट पुढे केलं तर त्यांनी पाकीट सोडून माझा अंगठाच धरला.

“बाई, तुमीच का त्या?”

“कोण, आजी?”

“तांदूळ निवडल्यागत दाबनाऱ्या.” त्या अंगठा उलटसुलट करून बघत होत्या. “मंगळवारी दुपारी मी दवाखान्यात खाटंवर पडल्याली हुते. उजव्या अंगाला आतून कोनीतरी चिमटीत धरून बघत हुतं. सावकाश, दाना दाना. लई बरं वाटलं. मंग डाव्या अंगाला आलं आन् नुसती घाई. निम्म्यात टाकून गेलं.”

तेवढ्यात किसन आला. “ताई, मनावर घिऊ नका. भूल उतरत हुती तवाचं बोलती ती.”

तो दवाखाना आमच्यापासून दोन चौक पलीकडे आहे. आजींनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. ‘एक सही राहिलीय’ अशी थाप मारून मी पाकीट घेऊन आत आले आणि डावी बरणी काढली.

आमच्या टेबलासमोर काच आहे, काचेपलीकडे बाक. आजी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मी चरबीची पहिली चिमूट दाबली. आजींचा हात पदराखाली डाव्या बाजूला गेला. मी थांबले. हात खाली आला.

आता खरं सांगते, भीती नाही वाटली. कुतूहल वाटलं, नुसतं कुतूहल. मी उजवी बरणी उघडून दाबलं. हात उजवीकडे. पुन्हा डावी. पुन्हा उजवी. एकदा मुद्दाम दाबल्यासारखं करून दाबलंच नाही, तर हातही हलला नाही. मी पाचव्यांदा दाबणार, तोच दारात किसन.

“ताई, आई म्हनती, बघून झालं आसंल तर थांबा आता. टाक्यांना वढ बसती.”

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. एक म्हातारं माणूस तिथे दुखणं सोसत बसलंय आणि मी खेळ मांडलाय. तो गेल्यावर मी डावी चरबी पुढे ओढली आणि हळूच म्हटलं, “आजी, आता एकदाच. सावकाश बघते.” काचेतून त्यांना ऐकू जाणं शक्यच नाही. पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते तसेच राहिले.

घट्ट काहीच लागलं नाही. फक्त एका जागी, दुधावर पातळ साय धरावी तशी कड बोटाला लागली. मंगळवारी मी ती नक्कीच ओलांडली असणार. मॅडमना दाखवलं, मंगळवारची घाईही सांगून टाकली. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, “वय झालं की गाठी आतून चरबीने भरत जातात. कडेला एवढीशी साल उरते. बोटाला नुसती चरबीच वाटते.” अशा म्हाताऱ्या गाठी कॅन्सरला कमी अडवतात की जास्त, हे मी विचारलं. त्यावर ठाम काही सांगता येत नाही म्हणाल्या. रिपोर्ट थांबवला आणि डावीकडची सगळी चरबी तपासणीला घातली.

तीन दिवसांनी स्लाईड आली. त्या सालीत कॅन्सरच्या पेशींचा एक छोटासा पुंजका होता.

रिपोर्ट बदलला. आजींना रेडिएशन मिळालं, गावाकडे ज्याला शेक म्हणतात ते. परवाच किसनचा फोन आला – तपासणीत सगळं ठीक, आई भाताच्या खाचरात जायचा हट्ट धरतेय म्हणाला.

मॅडमना नंतर बाकीचंही सांगितलं. ऑपरेशननंतर नसा भरून येताना अशा कळा येतात, असं त्यांचं म्हणणं. पटतं मला. पण कळ माझ्या चिमटीच्या वेळीच कशी आली, त्याच बाजूला कशी आली, याला त्यांच्याकडेही उत्तर नाही. नंतर कितीतरी पेशंट त्या बाकावर बसले. मी रोज डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. पुन्हा कधी कुणाचा हात हलला नाही.

फक्त एक सवय लागली. बरणी उघडली की आधी नाव वाचते आणि म्हणते, “हात लावतेय हं.” नवी आलेली मुलगी हसते, हसू दे. आणि एसटीची वेळ झाली असेल तर मी दुसरी बरणी उघडतच नाही. कोण कुठल्या खाटेवर पडून वाट बघत असेल, मला कुठे माहीत असतं.