काकूंची दुर्बीण

दुर्बीण घ्यायची तर दुकानाच्या दारात उभं राहून बघावी. आतल्या दिव्यांत सगळ्याच चांगल्या वाटतात. समोरच्या वडाच्या ढोलीत पिंगळा बसला होता. अनोळखी माणूस दिसला की पिंगळा मान वर-खाली करतो. मी एकेक नवी दुर्बीण लावून बघत होते आणि तो दरवेळी मान हलवत होता.

मग दुकानदाराने एक जुनी काढून दिली. दुर्बिणीला उजव्या डोळ्यासाठी वेगळी कडी असते. ती ज्याची त्याने फिरवून जुळवायची, कारण एकाची नजर दुसऱ्यासारखी नसते. ही मात्र न फिरवताच जुळली. पिंगळ्याचं पीस न् पीस दिसलं.

"कोणाची होती हो?"

"समोरच्या काकूंची. रोज गॅलरीतून त्यालाच बघत बसायच्या. मागच्या महिन्यात गेल्या."

माणूस जातो, पण त्याची नजर अशी कुठेतरी जुळवलेली राहत असेल का? दुर्बीण खाली ठेवावीशी वाटली, पण हात उतरेनात. पिंगळा पिवळ्या डोळ्यांनी थेट माझ्याकडे बघत होता. या वेळी त्याने मान हलवली नाही.