आखरावरचे शेणकिडे

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्या भंपकपणाविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून वाटली आहेत. या सदरातले मागचे अनुभव वाचून तर मला कीव येते. तरी लिहितोय, कारण हे माझ्याच हातून झालं.

एक्क्याऐंशीचा श्रावण. लाखनीपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाबाहेर आखर, म्हणजे सकाळी गावची सगळी ढोरं जमतात ती मोकळी जागा. पावसाळ्यात तिथे काळे शेणकिडे नुसते बुजबुजतात. शेणाचा गोळा वळायचा, मागच्या पायांनी ढकलत न्यायचा, पुरायचा – एवढाच त्यांचा संसार. पण ढोरं चारणारा सोमा गायकी म्हणे, हरवलेल्या जनावराचं शेण आखरावर ठेवलं की किडे गोळा त्याच्याच दिशेनं नेतात. आणि शिकलेल्या मास्तरांसकट अख्खं गाव माना डोलवत होतं!

मालगुजारांची, म्हणजे गावच्या बड्या जमीनदारांची, तांबडी गाय हरवली. दोन दिवसांत सापडली नाही तर सोमाचं काम जाणार होतं. मी आखरावर चारचौघांत त्याला ढोंगी म्हटलं. तो चिडला नाही.

"तुले खोटं वाटते ना बाबू? मंग तूच आन शेन, तिच्या कोठ्यातून. तूच ठेव."

मी शेण आणलं... पण आमच्या अंगणात बांधलेल्या कपिलेचं. कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, आता पडतो हा उघडा.

एकेक किडा आपापली वाट धरतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाच गोळे निघाले. पाचही एकाच दिशेनं – गावाच्या टोकाला असलेल्या आमच्या घराकडे. काडीनं फिरवले, परत तिकडेच वळले.

लोक फिदीफिदी हसले. एकानं विचारलंही, "काहून बे, मालगुजाराची गाय तुमच्याच घरी बांधून हाय का?"

दुसऱ्या दिवशी तांबडी भलत्याच दिशेला, नदीपलीकडच्या कोंडवाड्यात सापडली. सोमा खोटा ठरला. गाय सापडली, तरी खोटारडा माणूस नको म्हणून मालगुजारांनी दुसरा गायकी ठेवला. गाव सोडताना सोमा माझ्याकडे आला.

"बाबू, शेन तांबडीचंच होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यानंतर मी कितीदा तरी आखरावर कपिलेचं शेण ठेवून पाहिलं. किडे दहा दिशांना जातात. त्या दिवशीच्या पाच गोळ्यांचा उलगडा मला आजही झालेला नाही. त्या 'हो'चं कारण मात्र माहीत आहे – सोमाच्या ढोंगावरचं माझं पत्रक तोवर छापायला गेलं होतं.